तिच्या वहीतले आकडे

माझ्या पिढीतल्या, महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला 'आकडा' हा शब्द गणिताच्या तासाला नव्हे, पानाच्या टपरीपाशी भेटलेला असतो. आमच्या साताऱ्याकडच्या गावात टपरीला एक पाटी टांगलेली असे. त्या पाटीवर खडूने रोजचे आकडे लिहिले जात आणि जाणती माणसे त्यांच्यासमोर देवळात उभी राहावीत तशी उभी राहत. आम्हा मुलांना तिथे थांबायची बंदी होती. तरीही 'ओपन', 'क्लोज' आणि 'जोडी' हे मटक्याचे शब्द आम्हाला इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकाआधी पाठ झाले होते. आकडा लावणारा माणूस म्हणजे हातातून गेलेला माणूस, एवढे घरात न बोलता शिकवले गेले होते. हे आधी सांगतो आहे ते बचाव म्हणून नाही. मी जे केले त्याला बचाव नाही. चूक कोणत्या मातीतून उगवली, एवढेच वाचणाऱ्याला कळावे.

कतारमधल्या दुखानच्या कंपनी वसाहतीत आम्ही नवरा-बायको बारा वर्षे राहतो. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात दोघेच. मी पहाटे पावणेसहाला निघतो आणि दुपारी तीनला परततो. मधल्या नऊ तासांत माझी पत्नी काय करते, हे मी बारा वर्षांत किती वेळा विचारले असेल? आठवू म्हटले तर आठवत नाही, आणि न आठवणे हेच उत्तर असावे.

त्या नऊ तासांत तिला चिनी संगीत सापडले. सापडले म्हणण्यापेक्षा ते फोनने तिच्यापुढे आणून ठेवले. ती मेथी निवडत होती. पडद्यावर युरोपातल्या कुठल्याशा चौकात जुन्या वळणाचा घोळदार पोशाख घातलेली एक मुलगी लांबलचक लाकडी वाद्यापुढे बसली होती. एकवीस तारा, प्रत्येकीखाली तिला उचलून धरणारी एकेक घोडी. त्याला गुझेंग म्हणतात, हे मला फार पुढे कळले. हातात पिशव्या घेतलेली माणसे थांबून ऐकत होती. पत्नीने ती चित्रफीत पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी फोनने तिला आणखी दहा दाखवल्या. कुणी बासरी वाजवत होते, कुणी दोन तारांवर गज ओढून माणसासारखा हुंदका काढत होते, एक म्हातारा चहाच्या मळ्यात खुर्ची टाकून बसला होता. खाली जगभरच्या लिप्यांतल्या प्रतिक्रिया. त्यांत एक मराठी होती, 'अंगावर काटा आला.' ती तिने मला मोठ्या आनंदाने दाखवायला आणली. मी तेव्हा टीव्हीचा रिमोट शोधत होतो.

"हे काय, मांजराच्या गळ्यात घुंगरू बांधल्यासारखं," मी म्हणालो.

"तुमच्या घोरण्यापेक्षा सुरात आहे," ती म्हणाली, आणि हसली.

मीही हसलो. त्या हसण्यानंतर तिने मला काही दाखवणे बंद केले, हे माझ्या लक्षात आले नाही. पुढे मी मनाशी म्हणत असे की तिने माझ्यापासून लपवले. ते खरे नव्हे. तिने सांगायचे थांबवले, आणि थांबवण्याचे कारण मी होतो.

चीनमधल्या कुठल्याशा शहरातून एक बाई इंटरनेटवर वर्ग घेत. आठ-दहा देशांतली माणसे त्यात असत. बाई चिनीत बोलत आणि खाली यंत्राने केलेले इंग्रजी भाषांतर सरकत जाई. त्यात 'मनगटात तांदूळ ठेवा' असली वाक्ये निघत आणि सगळे देश एकदम हसत. या वर्गात पत्नीला आणखी एक विद्यार्थिनी भेटली, तिच्याही नावापुढे कतार लिहिलेले होते. विचारपूस केली तेव्हा ती आमच्याच मागच्या गल्लीत राहणारी निघाली. एका ठेकेदार कंपनीतल्या चिनी अभियंत्याची ती बायको. तिने स्वतःच्या गावी या वाद्याला कधी हात लावला नव्हता. इथे वाळूत येऊन, घरची आठवण येते म्हणून, तीही फोनवरूनच शिकू लागली होती. तिने वाद्य मागवले आणि सकाळी दोघी त्यापुढे बसू लागल्या. यातले मला काहीही माहीत नव्हते.

एका गुरुवारी धुळीचे वादळ उठले म्हणून आम्हाला कामावरून लवकर सोडले. घरात शिरलो तर ती कानात इअरफोन घालून, डोळे मिटून पुटपुटत होती, "पाच, पाच, सहा... पाच, तीन, दोन... इथे जोडी." मग, "ओपन, ओपन." माझी चाहूल लागताच तिने वही मिटली. थट्टा करणाऱ्यासमोर माणूस जशी मिटेल तशी मिटली. मला मात्र ती चोरासारखी मिटल्यासारखी दिसली.

ती दुकानात गेली तेव्हा मी वही उघडली. पानभर आकडे. आकड्यांच्या डोक्यावर टिंबे, पायाखाली टिंबे, काहींखाली रेघा, मध्ये आडव्या रेघा आणि शून्ये. वरच्या कोपऱ्यात गोल करून 'ओपन'. समासात दोन ठिकाणी 'जोडी'. ज्या देशात जुगार हा गुन्हा आहे, तिथे माझी बायको फोनवरून आकडा खेळते आहे, याविषयी मला क्षणभरही शंका आली नाही.

त्या पानाचा मी फोटो काढला आणि चिपळूणला मेहुण्याला पाठवला. सोबत लिहिले, 'तुझी ताई आकडा खेळते आहे. इथे उघड झाले तर व्हिसा, नोकरी, सगळे जाईल. आईंना विचार, काय करावे.'

ती दहा मिनिटांत परत येणार होती. मी तिला विचारू शकलो असतो. का विचारले नाही, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा घातला आहे. विचारले असते तर उत्तर मिळण्याचा धोका होता. न विचारता कळवले की आपण घर सांभाळणारे, जबाबदार गृहस्थ ठरतो. मला ते ठरायचे होते.

आणि कळवले ते कुणाला? तिच्या माहेरी. तिच्या काकांनी आकड्यापायी त्या घराची रया घालवली होती. ती आठ-नऊ वर्षांची असताना काका तिच्याच हातात चिठ्ठी देऊन तिला टपरीवर पिटाळत. हे तिने मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितले होते. मी ते ऐकले होते. ऐकून विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. मला पत्नीची बाजू तेवढी ऐकू येत होती. "कसला आकडा गं?... नाही आई... कोणी सांगितलं?" मग वळून तिने माझ्याकडे पाहिले. फोटो एव्हाना मेहुण्याने घरच्या ग्रुपवर टाकला होता.

तिने आवाज चढवला नाही. वही आणली, माझ्यापुढे उघडली आणि एका आकड्यावर बोट ठेवले.

"ते गाणं आहे. एक म्हणजे सा."

बस्स, एवढेच. मग तिने वही कपाटावर, प्रवासाच्या बॅगांच्या मागे टाकून दिली. त्या दिवसापासून तिने वर्गात बसणे सोडले. मागच्या गल्लीतली शेजारीण दारात आली तेव्हा डोके दुखते म्हणून तिला परत पाठवले.

मी माफी मागितली. ती पोळ्या लाटत होती. लाटणे थांबले नाही.

"माझ्याकडे कशाला बोलताय? जिथं टाकलंत तिथं जाऊन बोला."

मी गेलो, पण चपला न काढता उंबऱ्यावरूनच बोलावे तसा गेलो. ग्रुपवर लिहिले, 'वहीबाबत गैरसमज झाला होता. ते संगीताचे लेखन आहे. विषय संपला.' मेहुण्याने उत्तरादाखल उभ्या अंगठ्याचे चिन्ह टाकले. मला सुटल्यासारखे वाटले. संध्याकाळी त्याचा वेगळा फोन आला.

"भावोजी, मानलं तुम्हाला. किती सांभाळून घेतलंत."

"सांभाळून नाही रे, खरंच ते—"

"कळलं हो. मी काय परका आहे? पण आई विचारते, गाण्यात ओपन नि जोडी कुठून आली? तिच्या रक्तात असेल, म्हणते. जरा लक्ष ठेवा."

माझ्या अर्ध्या कबुलीने मी उदार ठरलो होतो आणि ती आणखी दोषी. आळ घेतला तेव्हा मी अविचारी होतो असे तरी म्हणता आले असते. आता मात्र तिच्या बदनामीवर माझा चांगुलपणा उभा होता. तेव्हा मी ठरवले की शब्दांनी हे मिटणार नाही. ते पान मला वाचता आले पाहिजे. वाचून, गाऊन दाखवता आले पाहिजे. मला गाता येत नाही ही सबब मी मनातल्या मनात लगेच पुढे केली आणि तितक्याच लगेच मागे घेतली.

कपाटावरच्या वहीला मी हात लावला नाही. तो हक्क मी गमावला होता. माझ्याजवळ मीच काढलेला फोटो होता. त्यावरून ते पान एका कागदावर उतरवून घेतले आणि दुपारच्या सुट्टीत गाडीत बसून शिकू लागलो. ज्या इंटरनेटने तिच्यापर्यंत ते संगीत आणले, त्यानेच मलाही शिकवले. कुठल्याशा देशातला एक शाळकरी मुलगा सावकाश समजावत होता. एक ते सात म्हणजे सात स्वर. वर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. खाली रेघ असली की स्वर निम्म्या वेळाचा. आडवी रेघ म्हणजे स्वर लांबवा. शून्य म्हणजे थांबा. लहानपणी गावच्या भजनात मी दोन वर्षे पेटी वाजवली होती; तेवढ्या आधारावर मी आकड्यांखाली पेन्सिलीने सा, रे, ग लिहीत गेलो.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट दिसली आणि मला स्वतःची लाज वाटली. त्या अख्ख्या पानावर चार आणि सात एकदाही नव्हते. आठ आणि नऊ तर नव्हतेच. टपरीवरच्या पाटीपुढे चोरून उभा राहिलेला मी. मटक्यात आठ-नऊ नसतात का? फोटो काढण्याएवढा वेळ मी त्या पानाकडे पाहिले होते, पण ते वाचले नव्हते. सा, रे, ग, प, ध, एवढेच स्वर. मी ते सलग म्हणून पाहिले आणि गाडीतच थबकलो. आमच्या गावच्या भजनात कितीदा तरी आळवलेला भूप माझ्या तोंडातून निघत होता, आणि त्याची वळणे मात्र माझ्या ओळखीची नव्हती.

तिसऱ्या ओळीवर अडलो. तिथे आकड्यांवर नागमोडी खुणा होत्या, त्या मला कुठे सापडेनात. शेवटी एका दुपारी मागच्या गल्लीत गेलो. शेजारणीने दार उघडले आणि आधी माझ्या मागे पाहिले, पत्नी आली असेल म्हणून. मी फोनच्या भाषांतरयंत्रात मराठीत सांगितले, "मी माझ्या बायकोवर खोटा आळ घेतला. आता मला हे पान वाचायला शिकायचे आहे."

फोन चिनीत बोलला. ती दोन पावले मागे सरली आणि घाईघाईने काही म्हणाली. फोनने बातम्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजात मला ऐकवले, "तुम्ही पत्नीला नकली अळू खाऊ घातले? तिला दवाखान्यात नेले का?"

मी घाबरून हात हलवले. मग सोपे शब्द शोधले. "मी तिच्याबद्दल खोटे बोललो. ती इथे येत नाही, ते माझ्यामुळे."

या वेळी यंत्राने नीट सांगितले असावे. तिने मला आत बोलावले नाही. आतून एक पेन्सिल आणली आणि उंबऱ्यावर उभ्या उभ्या कागदावर खुणा करून दाखवल्या. डाव्या हाताने तार दाबायची, स्वर वाकवायचा. आपल्याकडे मींड घेतात, तसे. तिने ते गुणगुणून दाखवले, मी म्हटले, तिने मान हलवली, पुन्हा गुणगुणले. सहाव्यांदा तिने मान डोलावली. 'ओपन' आणि 'जोडी' लिहिलेल्या जागी काय वाजवायचे, तेही तिने समजावले. निघताना ती फोनमध्ये बोलली, "ती माझ्यापेक्षा चांगले ऐकते. बारा दिवस झाले." ते बारा दिवस तिने मोजले होते. मी मोजले नव्हते.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे चिपळूणला एक वाजता मेहुणा दुकानातून जेवायला येतो तेव्हा, मी व्हिडिओ कॉल लावला. त्याआधी पत्नीला सांगितले, "मी आज बोलणार आहे." "बोला," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी सोफ्याच्या टोकाला मटार सोलत बसली.

मेहुण्यापुढे भाताचे ताट होते. सासूबाई शेजारी खुर्चीत होत्या.

"काय भावोजी, आज सुट्टी? बिर्याणी की काय?"

"आई," मी म्हणालो, "मी त्या दिवशी हिला न विचारता खोटं लिहिलं. नंतर जे लिहिलं तेही अर्धवट. म्हणून तुम्हाला वाटलं, मी हिला झाकतोय. झाकण्यासारखं हिनं काही केलेलं नाही. केलं ते मी."

"अहो जेवताना कशाला तो विषय," मेहुणा म्हणाला. "झालं ते झालं."

"नाही. ते पान तुझ्या फोनमध्ये आहे. उघड. तू कुठल्याही ओळीवर बोट ठेव, मी म्हणून दाखवतो."

"तुम्ही? गाणार?"

"कुठली ओळ ते सांग."

त्याने खरकटा हात तसाच ठेवून डाव्या हाताने आईचा फोन ओढला. चेष्टेचे हसू अजून चेहऱ्यावर होते. "दुसरी. मधून. पाच, शून्य, सहा, पाच..."

मी म्हटले. स्वर जागेवर होते. पंचम, थांबा, धैवत, पंचम, गंधार. त्याने मध्येच चौथ्या ओळीवर उडी मारली. मी तीही म्हटली. त्याचे हसू हळूहळू गेले.

"मग हे ओपन काय?"

"तार न दाबता मोकळी सोडायची. वर्गात इंग्रजीत ओपन लिहून येतं."

"आणि जोडी?"

"खालचा सा नि वरचा सा एकदम छेडायचे. हिनं आपल्या मराठीत लिहिलं. मराठीत लिहिलं म्हणून मी हिला जुगारी ठरवलं."

मी तिसरी ओळ धरली. सासूबाई इतका वेळ मान खाली घालून ऐकत होत्या; त्या माझ्याबरोबर गुणगुणू लागल्या, आणि दोन स्वरांनंतर माझ्या पुढे गेल्या.

"हा तर भूप आहे की हो जावईबापू. चिन्यांना कुणी शिकवला?"

"कुणी नाही शिकवला," सोफ्याच्या टोकाहून आवाज आला. "आणि भूपात अशी वळणं नसतात, आई."

"आहे होय तिथं? काय गो बाय, समोर ये."

पत्नी उठून समोर आली. सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"काका तुझ्या हातात चिठ्ठी द्यायचे ते मला ठाऊक होतं. तेव्हाही मी काही बोलले नाही. आणि आता बोलले ते तुलाच बोलले. रक्तात आहे म्हणाले मी."

पत्नीचा हात मटाराच्या सालांनी ओला होता. तो तिने पदराला पुसला.

"जेवलीस का तू?" तिने आईला विचारले.

"नाही अजून."

"मग थांब. आधी वाद्य दाखवते."

तिने स्टूल ओढले, कपाटावरून, बॅगांच्या मागून वही काढली. फुंकर मारून धूळ उडवली. माझा फोन, त्यात सासूबाई असलेल्या तशाच, हातात घेतला आणि चपला घातल्या. दाराशी ती थांबली. तेवढ्याने मला वाटले, मला 'चला' म्हणेल.

"तिसऱ्या ओळीत दोन ठिकाणी चुकलात," ती म्हणाली.

"कुठं?"

"शोधा."

दार उघडताच बाहेरचे ऊन आत आले. ती मागच्या गल्लीकडे वळली. फोनमधून सासूबाईंचा आवाज दूर जात होता, "किती ऊन गो तिथं, डोक्यावर काही घे." मग मागच्या घराची घंटा वाजली, आणि दोन बायकांचे, दोन भाषांतले, एकदम बोलणे ऐकू आले.

मला बोलावलेले नव्हते. मी गेलो नाही. उतरवून घेतलेला कागद टेबलावर सरळ केला, त्यावरची मटाराची साले बाजूला केली. एक चूक लवकर सापडली. मी वळण घाईने घेतले होते. दुसरी सापडेना. मी ती ओळ पुन्हा पहिल्या आकड्यापासून म्हणायला घेतली.